बुलेट विका, गाडी सोडू नका

(पत्र थोडं कमी करून देत आहे. वाचकाच्या विनंतीवरून नाव गाळलं आहे.)

ताई, नमस्कार.

माझं वय ७१. राहणार कोल्हापूर. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत आयुष्य काढलं आणि २०१४ साली निवृत्त झालो. आजवर पाच गाड्या झाल्या. १९७७ ला जुनी राजदूत, लग्न झाल्यावर १९८३ ला नवी कोरी येझदी, १९९० ला आरएक्स १००, मुलांची शिक्षणं सुरू झाली तशी १९९९ ला स्प्लेंडर आणि निवृत्तीच्या पैशातून बुलेट. येझदी विकायला मन झालं नाही. ती पडवीत ताडपत्रीखाली आहे, कागद केव्हाच संपलेत. बाकीच्या गेल्या.

गेल्या महिन्यात पन्हाळ्यावर चहाच्या टपरीजवळ बुलेट वळवून लावत होतो. वेग नव्हताच. हँडल वळलेलं, उतार, खाली बारीक खडी. पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी उजव्या अंगावर गेली ती गेलीच. दोन पोरं धावत आली, त्यांनी उचलून दिली. "आजोबा, लागलं का?" म्हणाली. गुडघा खरचटला आणि पँट फाटली, बाकी काही नाही. बायकोला सांगितलं नाही, पँट माळ्यावर टाकली. पण मित्राकडून मुलाला कळलं. तो पुण्याहून आला आणि किल्ली घेऊन गेला. "बाबा, आता पुरे. विकून टाका, रिक्षानं फिरा." मुलगी, सून सगळे त्याच्याच बाजूचे.

बारा वर्षं शुगर आहे, गोळ्यांवर ताब्यात आहे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजवा पिकायचाय. बाकी ठणठणीत. लायसन्स पुढच्या वर्षी संपतंय.

रविवारी सकाळी आम्ही जुने गाडीवाले मिसळ खायला जमतो. आठ होतो. एक गेला. तिघांनी गाडी सोडली आणि त्याबरोबर यायचंही सोडलं. मला त्याचीच भीती वाटते. गाडी विकली की मी संपलोच असं वाटतं. थांबायची वेळ झाली का? आणि ती झालीय हे माणसाला कळतं कसं?

*

दादा, नमस्कार.

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. बुलेट विका. अंधार पडल्यावर गाडी चालवणं आजपासून बंद करा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घ्या. आणि त्यानंतर एक हलकी गाडी घ्या, चालवत राहा. या चार गोष्टींची मोट एकत्र बांधलेली आहे. यातली आवडती तेवढी उचलून बाकीच्या सोडून दिल्यात, तर मुलगा म्हणतो तेच बरोबर ठरेल.

आता पन्हाळ्याचं बघू. तुम्ही पडलात ते म्हातारे झालात म्हणून, असं घरच्यांनी धरलंय, आणि मनातून तुम्हीही धरलंय. तुम्ही लिहिलेला प्रसंग मी दोनदा वाचला. चालीच्या वेगात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी वळलेल्या बाजूला कलंडते. खाली खडी असेल तर पायाला जागा मिळत नाही. पंचविशीतला पोरगाही तिथं असाच पडला असता. फरक एवढाच, की त्यानं कदाचित पाय रोवून गाडी मध्येच धरली असती. तुमची बुलेट १८० ते १९० किलोच्या घरातली आहे. ती एका मर्यादेपलीकडे झुकली की भल्याभल्यांना सावरत नाही, आणि वय वाढतं तशी ती मर्यादा अलीकडे येत जाते. मांडीची आणि पोटरीची ताकद साठीनंतर झपाट्यानं उतरते. म्हणजे तुमचं चालवणं चुकलेलं नाही. वजनाचा हिशेब चुकतोय. चालवणं चुकायला लागलं तर उपाय नाही, वजनाला आहे. म्हणून मी बुलेट विका म्हणते आणि गाडी सोडू नका म्हणते.

ती जाईपर्यंत, आणि नंतरच्या गाडीवरही, एवढं सांभाळा. अगदी हळू असताना हँडल वळलेलं असेल तर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, मागचा ब्रेक पायानं हलकेच धरायचा. उतारावर गाडी लावायचीच झाली तर तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकून. उताराला तोंड करून लावलेली गाडी मागं ओढत काढण्यात कंबरा जातात. आणि कधी पडलीच, तर एकट्यानं उचलायची नाही. आधी इंजिन बंद करायचं, पेट्रोलचा कॉक असेल तर तोही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच खाली काढून ठेवायचा, म्हणजे उभी करताना ती दुसऱ्या बाजूला जात नाही. मग कोणाला तरी हाक मारायची. त्या दोन पोरांनी आजोबा म्हटल्याचं तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतं. पण ती धावत आली, याचं मोल मला जास्त वाटतं.

तुमच्या पाच गाड्यांच्या यादीपाशी मी बराच वेळ थांबले. मी स्वतः कॉलेजात असताना पुण्यात लुनावर शिकले आणि साठी ओलांडल्यावरही रोज स्कूटर चालवते, त्यामुळे ही यादी मला परकी नाही. आजच्या मुलांना ती नुसती नावं वाटतील. पण १९७७ साली जुनी राजदूत घेणं म्हणजे काय होतं, हे तुमच्या-माझ्या पिढीला ठाऊक आहे. चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. आज नोंदवलेली स्कूटर पोराच्या मुंजीला येईल असं म्हणायचे. राजदूत ही मूळ पोलंडच्या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं बनवलेली, दुधाचे कॅन लावून खेडोपाडी फिरणारी दणकट गाडी. तिच्या पेट्रोलमध्ये ऑईल मोजून मिसळायचं, प्लगला कार्बन धरला की रस्त्याच्या कडेला बसून पॉलिश पेपरनं घासायचा, पॉइंटमधली फट अंदाजानं लावायची. तुम्ही फाउंड्रीतले, हात आधीच काळे झालेले, तुम्हाला यात आनंदच असणार.

मग येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. एकच दांडा, आत दाबून उभा केला की किक आणि खाली आणला की गिअर. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास गोंधळायचा. १९९६ साली तो कारखाना बंद पडला, पण तुमच्यासारख्यांच्या पडवीत त्याच्या गाड्या अजून उभ्या आहेत. आणि आरएक्स! १९८५ च्या आसपास या जपानी शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि रस्त्याची चालच बदलली. सुझुकी, होंडा, यामाहा, मग कावासाकी. आरएक्स अवघी शंभर किलोच्या जरा वर, मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं. तुम्ही तिच्याबद्दल पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण ती विकून स्प्लेंडर घेतलीत तेव्हा मनात काय झालं असेल, ते त्या एका ओळीतून मला कळलं. मुलांच्या फिया भरायच्या होत्या, घरात ॲव्हरेज महत्त्वाचा झाला होता. ज्यानं मूठ पिळली त्यानंच ती आवरली.

हे सगळं मी आठवणीत रमायला लिहीत नाही. तुम्ही म्हणता, गाडी विकली की मी संपलो. दादा, तुम्ही याआधी तीन गाड्या विकल्यात. राजदूत गेली तेव्हा संपला नाहीत, आरएक्स गेली तेव्हाही नाही, कारण प्रत्येक वेळी पुढची गाडी ठरलेली होती आणि ती त्या वेळच्या संसाराला, खिशाला आणि कामाला शोभेल अशीच तुम्ही निवडलीत. लग्न झालं तेव्हा दोघांना पुरेल अशी येझदी. मुलं मोठी झाली तेव्हा स्प्लेंडर. या वेळी मात्र बुलेटनंतर काहीच नाही असं तुम्ही स्वतःशी ठरवून बसलात, म्हणून विकण्याचा विचारही सोसत नाही. एकाहत्तराव्या वर्षाला शोभेल अशी गाडीही असते. ती बघा.

पण त्याआधी शरीराकडे. इथं मी जरा कडक बोलणार आहे, कारण "बाकी ठणठणीत" या दोन शब्दांत तुम्ही फार काही झाकून टाकलंय.

मोतीबिंदू पिकायची वाट आता कोणी बघत नाही. ती जुन्या काळची पद्धत होती, तेव्हाची शस्त्रक्रियाच तशी होती. आता दिसण्यात अडचण व्हायला लागली की ऑपरेशन करतात. तुमचा एक डोळा लख्ख आणि दुसरा धुरकट, अशा अवस्थेत अंतराचा अंदाज चुकतो. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा उजव्या डोळ्यात फुटतो, पसरतो, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस दिसत नाही. रात्रीची गाडी बंद करा असं म्हणते ते यासाठी. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले तरीही मी रात्रीचं टाळाच म्हणेन. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी मुद्दाम विचारा. काचबिंदू तपासा म्हणावं, कारण तो बाजूची नजर गुपचूप खातो, समोरचं स्वच्छ दिसत असतं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. आणि बारा वर्षांची शुगर आहे, तेव्हा डोळ्याचा पडदा दरवर्षी बघून घ्यायला हवा.

शुगरचं दुसरं दुखणं पायात असतं. तळपायाची जाणीव हळूहळू कमी होते. मुंग्या येतात, किंवा चप्पल पायातून सुटली तरी कळत नाही. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. तो किती दाबला हे पावलाला कळलंच नाही, तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरेल किंवा ब्रेक लागणारच नाही. डॉक्टरांकडे तळपायाला बारीक नायलॉनचा धागा टेकवून बघण्याची साधी चाचणी असते, पाच मिनिटांत होते, आणि तुमची कोणती गाडी हे ती ठरवील. पाय चांगले असतील तर मोटारसायकल. जाणीव कमी झाली असेल तर दोन्ही ब्रेक हातात असलेली स्कूटर. यात रुसण्यासारखं काही नाही.

गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बसा. शुगरच्या काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो. तेव्हा रविवारी मिसळ मिळणारच आहे म्हणून काही न खाता निघायचं नाही. खिशात साखरेची पुडी किंवा चघळायच्या गोड गोळ्या ठेवायच्या. प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठून उभं राहिलं की चक्कर येते, सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर साधा मुका मारही महागात पडतो, हे बरोबरच्या मित्रालाही ठाऊक असू द्या. आणि मान. पाटावर ताठ बसा आणि खांदा न हलवता, नुसती मान वळवून खांद्याच्या बाजूचं बघता येतं का ते बघा. येत नसेल तर आरसे मोठे लावून घ्या आणि लेन बदलताना घाई करू नका. सकाळी बोटं ताठरतात का, क्लच पूर्ण आत येतो का, हेही बघा. हे तुम्हाला कोणी विचारणार नाही, तुम्हीच बघायचं आहे.

लायसन्सचंही याच ओघात. पंचावन्न ओलांडल्यावर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, आणि नूतनीकरणाला डॉक्टरचा १-ए नमुन्यातला दाखला लागतो. मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो, म्हणजे आताच करता येईल. पुष्कळ लोक हा दाखला ओळखीच्या डॉक्टरकडून उभ्या उभ्या सही-शिक्का मारून आणतात. तुम्ही तसं करू नका. वर लिहिलेलं सगळं तपासून मगच सही करा, असं आपणहून सांगा. कायद्यानं तुम्हाला पाच वर्षं दिली तरी तुम्ही स्वतःला एकेक वर्षच द्या. दरवर्षी दिवाळीनंतर ही तपासणी पुन्हा.

थांबायची वेळ कळते कशी, हा तुमचा खरा प्रश्न. पन्हाळ्यासारख्या एका पडण्यानं ती कळत नाही. ती बारीकसारीक गोष्टींनी कळते. ओळखीच्या चौकात क्षणभर कुठं वळायचं ते सुचत नाही. इंडिकेटर चालूच राहतो. आरशावर, लेगगार्डवर कधी लागलेले आठवत नाहीत असे ओरखडे दिसायला लागतात. मागची माणसं वारंवार हॉर्न देतात. "कुठून आली ही गाडी?" असं तुम्ही आठवड्यातून दोनदा म्हणता. यातलं एखादं कधीतरी होणं वेगळं आणि घडत राहणं वेगळं. घडायला लागलं की त्या दिवशी थांबायचं, दुसऱ्या दिवशी नाही. आणि हे ओळखायला आपली नजर पुरत नाही, म्हणून एक माणूस आताच नेमा. त्यानं "दादा, आता बस" म्हटलं की वाद घालायचा नाही. तो माणूस मुलगा नसावा असं मला वाटतं, कारण त्याला आत्ताच भीती वाटतेय. रविवारच्या मित्रांपैकी तुमच्या मागून गाडी चालवणारा कोणी घ्या. तो तुमचं चालवणं दर रविवारी बघतो.

मुलावर रागावू नका. किल्ली घेऊन जाणं मला आवडलं नाही. बापाच्या हातातून किल्ली घेण्याआधी बसून बोलायला हवं होतं. पण पुण्यात बसून रात्री अनोळखी नंबरावरून फोन वाजला की त्याच्या पोटात काय होत असेल, याचा विचार करा. त्याच्याशी "मला येतं, मी पन्नास वर्षं चालवतोय" या भाषेत बोललात तर तो ऐकणार नाही. त्याला तुमच्या अटी सांगा. बुलेट विकतोय. अंधारात नाही, पावसाळ्यात घाटात नाही, हायवेवर ट्रकांच्या रांगेत नाही. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, पट्टा लावून, कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी. खिशात औषधांची चिठ्ठी आणि त्याचा नंबर. डोळ्याचा आणि पायाचा दाखला त्याला दाखवा. आणि एक करा: तो पुढच्या वेळी आला की त्याला मागं बसवून रंकाळ्याला एक फेरी मारून आणा. लहानपणी तो टाकीवर बसायचा, आता मागं बसून तुमचं ब्रेक मारणं, वळणं, सिग्नलला थांबणं बघू दे. घरी आल्यावर त्याला विचारा आणि तो जे सांगेल ते मुकाट ऐका. ती फेरी चांगली झाली, तर किल्लीचा प्रश्न त्याच्याच तोंडून सुटेल.

आता बुलेट. रागात, ओळखीच्या पहिल्या गिऱ्हाइकाला, पडेल त्या किमतीला देऊ नका. २०१४ ची गाडी आहे, पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ पर्यंत चालते, म्हणजे अजून कागद धड आहेत आणि किंमत येईल. चालवणाऱ्याला द्या, अंगणात मिरवायला मागणाऱ्याला नको. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरटीओत नाव बदलून झाल्याचं डोळ्यांनी बघा. नाव तुमचंच राहिलं आणि त्यानं कुठं अपघात केला, तर निस्तरावं तुम्हाला लागेल. आणि गाडी देताना एक सकाळ त्या पोरासाठी काढा. चेन कितपत सैल ठेवायची, थंडीत कशी सुरू करायची, टॅपेटचा आवाज कोणता बरा आणि कोणता वाईट, हे तुमच्या कानाला कळतं ते त्याच्या कानाला शिकवा. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांवर वाढलेल्या मुलांना इंजिनाचा आवाज ऐकायची सवयच राहिलेली नाही, आणि उद्यमनगरातले तसे कान असलेले मिस्त्रीही कमी होत चाललेत. ही विद्या तुमच्याकडे आहे, ती तुमच्याबरोबर पडवीत राहू नये.

नवी गाडी कोणती, तर पाय चांगले निघाले तर ११० किलोच्या आसपासची शंभर-एकशेदहा सीसीची मोटारसायकल. सेल्फ स्टार्ट हवाच, गुडघ्यानं आता किक मारायची नाही. दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, नुसते चवडे नाहीत. बुटासकट बसून बघा. स्कूटर चढा-उतरायला सोपी, पाय टाकावा लागत नाही, पण तिची चाकं लहान, आपल्याकडच्या खड्ड्यांत ती आपटते. मोटारसायकलचं अठरा इंची चाक तोच खड्डा सहज ओलांडतं. स्कूटर घ्यावी लागली तर पुढचं चाक बारा इंचाचं असेल अशी बघा. २०१९ नंतरच्या लहान गाड्यांना दोन्ही चाकांना एकदम ब्रेक लागण्याची सोय असते, तुमच्या वयाला ती फार उपयोगी. स्प्लेंडर तुम्ही पंधरा वर्षं चालवली आहे, तेव्हा हात बसायला आठवडाही लागणार नाही.

येझदी ठेवा. ती विका असं मी सांगणार नाही. पण ताडपत्रीखाली गंजत ठेवायची असेल तर मात्र दुसऱ्याला द्या. जुनी नोंदणी पुन्हा करायला तपासणी, दंड, पर्यावरण कर असा खर्च आहे आणि खेटेही आहेत. ते झेपत असेल तर हिवाळ्यात सुरू करा. तिचा सहा व्होल्टचा पिवळा दिवा आणि जुने ड्रम ब्रेक लक्षात घेऊन सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर एखादी फेरी, तेवढंच तिचं काम. किक मिस्त्री मारील किंवा नातू.

आणि वहिनी. पाच गाड्यांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, त्यांच्याबद्दल एवढंच, की त्यांना सांगितलं नाही. दादा, १९८३ पासून चार गाड्या त्यांच्याही झाल्यात. साडीचा पदर खोचून, एका बाजूला बसून, एक हात तुमच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातानं पोर किंवा भाजीची पिशवी धरून, पाय साडी गार्डच्या पट्टीवर टेकवून त्यांनी सगळे घाट काढलेत. समोरचं काही दिसत नसताना तुमच्या हातांवर भरवसा ठेवून. एवढ्या वर्षांचा हा भरवसा, त्यातून एक पडणं वगळून ठेवायचं नसतं. माळ्यावरची पँट त्यांनी बघितली नसेल असं तुम्हाला वाटतं, मला वाटत नाही. तुम्ही सांगाल याची त्या वाट बघत असतील. आजच सांगा. आणि पुढच्या गाडीवर त्या बसणार असतील तर हेल्मेट त्यांनाही, कायद्यानंही ते लागतं.

रविवारच्या मंडळींचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तिघांनी गाडी सोडली आणि मिसळही सोडली. त्यांना कोणी जाऊन बोलावलं का? गाडी नाही म्हणून आपली जागा नाही असं त्यांनी धरलं, आणि तुम्ही उरलेल्यांनी ते मान्य केलं असं दिसतं. येत्या रविवारी एकाला कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसवून आणा, एकाला मुलाच्या कारनं, एकाला रिक्षानं. राजदूतपासूनच्या गप्पा मारायला टाकीत पेट्रोल लागत नाही. तुम्हालाही कधीतरी गाडी सोडावी लागेल. ती सोडल्यावर तुम्हाला बोलवायला कोणी यावं असं वाटत असेल, तर आता तुम्हीच जा.

सुरुवात मात्र डोळ्यापासून करा. ऑपरेशनची तारीख आधी घ्या, डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली की शोरूममध्ये जा, आणि जाताना वहिनींना बरोबर न्या. पुढची सीट तुम्ही बघा, मागची त्यांना बघू द्या. त्यांना बसायला-उतरायला जमली नाही, तर दुसरी दाखवायला सांगा.